तालुक्यासाठी पायी आणि सायकलच्या वाटांचा आराखडा: गावनकाशापासून साईडपट्टीपर्यंत

मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. घर ते शाळा साधारण पाच किलोमीटर, म्हणजे सायकलने पंचवीस मिनिटं. त्यातले चार किलोमीटर गावरस्त्याचे, वर्दळ नसलेले. मग राज्य महामार्गाचे आठशे मीटर येतात आणि तेवढ्यासाठी घरचे सायकल बाहेर काढू देत नाहीत. बाकीची वाट कितीही चांगली असली तरी त्या मुलीपुरता शाळेला रस्ता नाहीच.

आराखडा करायचा तो असे आठशे मीटर शोधण्यासाठी आणि ते नीट करून घेण्यासाठी. शहराच्या मध्यभागी रंगीत सायकल ट्रॅक आखणं हे त्यानंतरचं काम. खाली दिलेली पद्धत तालुक्याचं गाव आणि भोवतीची पंचवीस-तीस खेडी डोळ्यासमोर ठेवून दिली आहे. ग्रामपंचायतींचा गट, नगरपरिषद किंवा स्थानिक संस्था, कुणालाही ती वापरता येईल.

परिसर ठरवणं

तालुक्याची हद्द नकाशावर असते, लोकांच्या पायात नसते. म्हणून हद्दीपासून सुरुवात करू नका. आधी माध्यमिक शाळा, एसटी स्टँड, आठवडी बाजार, प्राथमिक आरोग्य केंद्र, रेल्वे स्टेशन आणि एमआयडीसीचं फाटक ही ठिकाणं नकाशावर मांडा. प्रत्येकाभोवती २ किलोमीटरचं वर्तुळ पायी जाणाऱ्यांसाठी आणि ७ किलोमीटरचं सायकलसाठी काढा. जिथे तीन-चार वर्तुळं एकमेकांवर येतात तो तुमचा गाभा. शेजारच्या तालुक्यातली दोन गावं वर्तुळात आली तर ती घ्याच. तिथली मुलं याच शाळेत येतात.

हे काम कुणा एका कार्यालयाच्या टेबलावर येत नाही, हे सुरुवातीलाच लक्षात घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालची प्रादेशिक योजना मोठे रस्ते आणि जमीनवापर दाखवते. नगरपरिषदेची विकास योजना तिच्या हद्दीवर थांबते. खेड्यांचे आराखडे गावापुरते असतात. दोन गावांमधली वाट या तिन्हींच्या फटीत पडते.

गावनकाशा वाचायचा कसा

उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून प्रत्येक गावाच्या जुन्या नकाशाची प्रत काढा. महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसतात, पण वाटांच्या खुणा पाहायला जुना नकाशाच लागतो. त्यात एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे रस्ते सलग दुहेरी रेषेने दाखवलेले असतात. शेतांतून जाणारा ग्रामीण गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने असतो, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेने, रुंदी सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर, दोन सायकली आरामात एकमेकींना ओलांडून जातील एवढी जागा. ती कागदावर आजही वाट आहे. जमिनीवर कुठे नांगराखाली गेली, कुठे वेड्या बाभळीने गिळली.

या सगळ्या रेषा एका मोठ्या कागदावर किंवा उपग्रहचित्रावर उतरवा. जुना नकाशा उपग्रहचित्रावर जसाच्या तसा बसत नाही, थोडा सरकतो. गावठाणाचा कोपरा, जुनी विहीर आणि शिवेचा दगड अशा तीन न हललेल्या खुणा धरून बसवा. चौथी खूण तपासणीसाठी ठेवा. तीवर दहा मीटरपेक्षा जास्त फरक आला तर खुणा बदलून पुन्हा बसवा, नाहीतर पुढे मोजणीच्या वेळी भांडणं होतात.

मग प्रत्येक तुकड्याचा मालक लिहा. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गल्ल्या ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडे असते. त्या काळात कडेला काही करायचं असेल तर कार्यकारी अभियंत्यांची लेखी परवानगी आधी घ्या. पाच किलोमीटरच्या एका शाळेच्या वाटेवर तीन-चार मालक सहज निघतात. हा तक्ता म्हणजे आराखड्याचा कणा आहे. तो नसेल तर प्रत्येक कार्यालय अर्ज दुसऱ्याकडे पाठवतं आणि वर्ष निघून जातं.

मोजणी

शाळेच्या भरण्या-सुटण्याच्या वेळा, एक बाजाराचा दिवस आणि एक साधा दिवस एवढी मोजणी पुरते. पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत रेघा मारा: पायी, सायकल, दुचाकी, मोटार, जड वाहन. पायी आणि सायकलवाल्यांत बाई, पुरुष, मुलगी, मुलगा वेगळे मोजा. डोक्यावर किंवा हातात ओझं असलेल्यांना वेगळी खूण करा. उसाच्या पट्ट्यात मोजणी दोनदा लागते, एकदा गाळप हंगामात आणि एकदा पावसाळ्यानंतर. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर साईडपट्टी (डांबराच्या कडेची कच्ची पट्टी) सोडून काहीच शिल्लक ठेवत नाही, तो रस्ता हंगामात वेगळाच असतो.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला ५० मीटर अंतरावर चुन्याच्या दोन खुणा करा आणि मोबाईलच्या घड्याळावर वेळ घ्या. ३ सेकंद म्हणजे ताशी ६० किलोमीटर, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ६ सेकंद म्हणजे ३०. शंभर वाहनं मोजा, वेगवानापासून सावकाशापर्यंत मांडा आणि वरून पंधरावं वाहन घ्या. रचनेसाठी तो वेग धरायचा. सरासरी घेऊ नका. सरासरीत ट्रॅक्टर आणि बैलगाडी मिसळून आकडा फसवा होतो.

पण मोजणीतली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. भीतीने रस्त्यावर न येणारा माणूस मोजणीत दिसत नाही, आणि मग “इथे सायकलवाले आहेतच कुठे” असं म्हणून फाईल बंद होते. म्हणून शाळेत जाऊन दोन आकडे घ्या: किती मुलींना सायकली मिळाल्या आणि आज स्टँडवर किती उभ्या आहेत. या दोन आकड्यांतली तफावत हेच तुमचं मुख्य कारण. सोबत आठवी ते दहावीच्या मुलांना कोरा कागद द्या, घर ते शाळा वाट काढायला सांगा आणि भीती वाटते तिथे फुली मारायला सांगा. चाळीस कागद एकावर एक ठेवले की फुल्या दोन-तीन जागीच गोळा होतात.

अपघातांची नोंद पोलीस ठाण्यातून माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. मागची तीन वर्षं मागा, कारण ब्लॅक स्पॉटची, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागेची, सरकारी व्याख्या तीन वर्षांची आहे: सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. पायी चालणाऱ्यांचे अपघात मात्र विखुरलेले असतात, ते या व्याख्येत बसतीलच असं नाही. फुल्या आणि वेग यांवरून जागा धोक्याची दिसत असेल तर ती यादीत घ्या; दहा माणसं जाण्याची वाट कुणी पाहू नये.

कुठे काय करायचं

नियम सोपा ठेवा. वाहनांचा वेग ३० च्या आत आणि वर्दळ कमी असेल तर सगळे एकत्र चालतात, फक्त वेग तिथेच राहील असं पाहायचं. ३० ते ५० असेल तर सायकल आणि पायी माणसाला डांबरी कडपट्टी हवी. ५० च्या वर वेगळी वाट, नाहीतर दुसरा मार्ग.

दुसरा मार्ग म्हणजे बऱ्याचदा पाणंद, शेतांमधून जाणारी जुनी वाट. महामार्गाला समांतर जाणारी पाणंद सापडली तर अर्धं काम झालं. नकाशावरच्या रस्त्यात अडथळा असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार तो काढण्याचा आदेश देऊ शकतात. जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४३ इथे कामाचं नाही. ते शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट देतं, त्यातून सार्वजनिक सायकलमार्ग होत नाही. या दोन कलमांत गल्लत करून केलेले अर्ज परत येतात. आणि आदेशाआधी शेजारच्या शेतकऱ्यांसोबत एक बैठक घ्याच. रस्ता पक्का झाला तर माल काढायला त्यांनाही सोय होते, हे जागेवर उभं राहून दाखवलं की विरोध निम्मा होतो.

पाणंदीवर नुसती खडी पसरू नका. सुट्या खडीवर सायकलचं पुढचं चाक सरकतं आणि चालणाऱ्याचा पाय मुरगळतो. काळ्या मातीत ३० सेंटिमीटर माती काढा, मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या दोन थरांत, पाणी मारून रोलरने दाबा. त्यावर ९० सेंटिमीटर रुंदीच्या दोन काँक्रीट पट्ट्या घाला, मध्ये ६० सेंटिमीटर जागा सोडा. काँक्रीट एम-३० प्रतीचं, जाडी १५ सेंटिमीटर, दर अडीच मीटरवर सांधा, पृष्ठभागावर आडवा झाडू मारून खरखरीतपणा. ट्रॅक्टरची चाकं दोन पट्ट्यांवर चालतात आणि सायकलला एक सपाट पट्टी मिळते. एका किलोमीटरला २७० घनमीटर काँक्रीट लागतं. तेवढ्याच जाडीचा ३ मीटरचा सलग रस्ता केला तर ४५० लागेल. मधला मुरूम पट्टीच्या अगदी बरोबरीने दाबून भरा, कारण दोन-तीन सेंटिमीटरची पायरी राहिली तरी चाक तिथे अडकतं. जिथून ऊस निघतो तिथे मात्र ही रचना नको. भरल्या ट्रॉलीखाली पट्टीची कड फुटते, तिथे सलग काँक्रीटच करा.

साईडपट्टी

तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा मार्गावर वाकून पाहा. डांबराची कड तुटून करवतीसारखी झालेली असते आणि तिच्या खाली मुरूम आठ-दहा सेंटिमीटर खोल. मागून बस हॉर्न देत आली की मुलगी कडेवरून खाली उतरते. बस गेल्यावर ती हँडल थोडं उजवीकडे वळवते. पुढच्या चाकाची बाजू डांबराच्या भिंतीला घासते, चाक वर चढत नाही, शरीर मात्र उजवीकडे झुकलेलं असतं, आणि ती रस्त्याच्या मध्याकडे पडते. दुसरी गाडी मागे असेल तर पुढचं सांगायला नको.

ही भिंत कुठून आली? दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर येतो. प्रत्येक थराने रस्ता वर उचलला जातो, साईडपट्टी तिथेच राहते. पावसात मुरूम वाहून जातो तो वेगळाच. म्हणून डांबरीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात साईडपट्टी भरण्याची बाब आहे का ते पाहा, आणि असेल तर बिल निघण्याआधी ती प्रत्यक्ष झाली का ते मोजा. दोन्ही बाजूंना दीड मीटर रुंद, १० सेंटिमीटर जाड भराव म्हणजे किलोमीटरला ३०० घनमीटर दाबलेला मुरूम. सुटा मुरूम चौथा हिस्सा तरी जास्त लागतो, म्हणजे सुमारे १३५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर). किलोमीटरला चाळीस-पन्नास ब्रास पडले असतील तर काम झालेलं नाही, एवढा हिशोब गावातल्या कुणालाही करता येतो.

मुरूम हा पहिला उपाय. शाळेच्या वाटेवर मात्र दीड मीटर साईडपट्टी डांबरी करून घ्या, रस्त्याच्या पातळीशी जुळवून, मध्ये पांढरी कडरेषा. पैसे पुरत नसतील तर निदान डांबराची कड सरळ न कापता ३० अंशांत उतरती दाबून घ्या. अशा उतारावरून सायकल आणि दुचाकी परत वर चढते, खर्च नगण्य वाढतो. रंबल पट्ट्या (वेग कमी करायला लावणारे आडवे खडबडीत पट्टे) कडरेषेपाशी थांबवा; साईडपट्टीवरही मारल्या तर सायकलवाला त्या चुकवायला रस्त्यावर येतो. बाभळी छाटल्यावर फांद्या त्याच दिवशी उचला. काटे पसरले की आठवडाभर पंक्चर निघत राहतात, आणि दोन पंक्चर झाल्यावर सायकल घरीच राहते.

रस्ता ओलांडण्याची जागा

७ मीटरचा रस्ता ओलांडायला धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे सहा सेकंद. म्हातारं माणूस किंवा लहान मूल ०.९ मीटर, म्हणजे आठ सेकंद. ताशी ६० ने येणारी गाडी आठ सेकंदांत १३३ मीटर येते. म्हणून ओलांडण्याच्या जागेवरून दोन्ही बाजूंना किमान १३५ मीटर दिसायला हवं. वळण, फ्लेक्सचा बोर्ड, उभा टेम्पो यांपैकी काही आड येत असेल तर जागा बदला किंवा आड येणारं काढा. वेग ४० वर आणला तर हेच अंतर ८९ मीटरवर येतं.

दुभाजक असेल तर मध्ये थांबायला २ मीटर रुंदीची जागा हवी. सायकलची लांबी सुमारे १.८ मीटर असते. दीड मीटरच्या जागेत तिचं मागचं चाक रस्त्यावरच राहतं. गावातल्या रस्त्यावर १० सेंटिमीटर उंच, सपाट माथ्याची उंचावलेली ओलांडणी उत्तम. वेगवान राज्य महामार्गावर ती एकटी टाकू नका. आधी गावाच्या वेशीपासून वेग उतरवणारी रचना करा: अरुंद केलेली मार्गिका, फलक, रंबल पट्ट्या, मग ओलांडणी. अचानक आलेला उंचवटा दुचाकीवाल्याचा जीव घेतो.

चौपदरी महामार्गावर पादचारी पूल मागण्याआधी खालच्या मोऱ्या पाहा. अडीच मीटर उंचीची पेटीमोरी, म्हणजे चौकोनी काँक्रीटची मोरी, असेल तर ओढा कोरडा असताना लोक तिथूनच जातात. तिच्या एका बाजूला तळापासून अर्धा मीटर उंच, २ मीटर रुंद ओटा बांधला तर वर्षातले बरेच महिने सायकल न उचलता जाता येतं. पाणी वाहण्याचा हिशोब रस्त्याच्या मालकाकडून तपासून घ्यावाच लागतो. जिन्याच्या पुलावर सायकल उचलून नेणारा कुणी नाही. दुभाजकाचे गज वाकवून वाट पाडली जाते.

तालुक्याच्या गावात

इथे थोडक्यात, कारण मापं ठरलेली आहेत. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर, डोक्यावर २.२ मीटर मोकळं, कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मोकळी म्हणजे विजेची डीपी, खांब, झाड आणि हातगाडी वगळून. उतार १२ ला १. घर-दुकानांच्या फाटकासमोर फुटपाथ खाली उतरवू नका. तो सपाट राहू द्या, गाडी चढून येईल. दर वीस पावलांवर चढउतार असलेल्या फुटपाथवरून लोक रस्त्यावर उतरतात.

सायकल ट्रॅक एकेरी असेल तर २ मीटर, दुहेरीला ३. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या जाण्याच्या दिशेला आडव्या. बोलार्डने (वाहनं अडवायला रोवलेल्या बुटक्या खांबांनी) दुचाकी थांबत नाहीत: व्हीलचेअरला ९० सेंटिमीटर लागतात आणि तेवढ्यातून स्कूटर निघते. बोलार्ड मोटारीसाठीच. पुण्यात बीआरटीसोबत (बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेसोबत) बांधलेल्या सायकल ट्रॅकचा धडा हाच आहे की ट्रॅक चौकात आणि बसथांब्यापाशी तुटला की लोक तो सोडतात. म्हणून पैसे कमी असतील तर मधला भाग साधा ठेवा आणि चौक पूर्ण करा.

एसटी स्टँडवर उलट्या यू आकाराचे पाईप, ८० सेंटिमीटर उंच, एकमेकांपासून १ मीटर. एका पाईपला दोन सायकली, सांगाड्याला कुलूप लागतं. फक्त पुढचं चाक अडकवायचे स्टँड नकोत, त्यात चाक वाकतं.

कागद पुढे नेताना

मोठा एकच प्रस्ताव करू नका. प्रत्येक मालकाच्या नावाने वेगळी यादी करा: तुकडा, लांबी, बाब, परिमाण, राज्य दरसूचीतला दर. पाणंदीची कामं गाव विकास आराखड्यात बसवायची असतील तर १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्या, आणि ठरावात रस्त्याचं नाव नको, गट क्रमांक ते गट क्रमांक असं लिहा. जिल्हा वार्षिक योजनेसाठी यादी हिवाळ्यापूर्वी जिल्हा नियोजन कार्यालयात पोचली पाहिजे. नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली तर नगररचना अधिनियमाच्या कलम २६ खाली हरकतींना ३० दिवस मिळतात. रेषा आधीच तयार असेल तरच ते पुरतात. ओलांडणीच्या जागांची यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे वेगळी द्या, वेगाचे आकडे जोडून.

काम चालू असताना तीन वेळा जा: माती काढल्यावर, मुरूम दाबल्यावर, काँक्रीट ओतायच्या सकाळी. प्रत्येक वेळी पट्टी लावून जाडीचा फोटो काढा. वरचा थर पडल्यानंतर खालचं काही दिसत नाही.

पहिला जोराचा पाऊस पडला की सायकल घेऊन पूर्ण वाट फिरा. पाणी साचलं असेल त्या प्रत्येक जागेच्या कडेला ऑइलपेंटने खूण करा आणि खोली लिहा. दोन दिवसांनी ऊन पडलं की तळं कुठे होतं ते सापडत नाही, आणि दोष दायित्वाच्या मुदतीत, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायच्या काळात, त्याला दाखवायला तीच खूण लागते.